फ्रान्समधला कनाल दु मिदी : सात दिवस बोटीत (आणि बरंचसं पाण्याविषयी)

डावा_कालवा

पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली निम्म्याहून जास्त नीरा डाव्या कालव्यावर. आवर्तन (पाण्याची पाळी) सुटलं की शीर्षापासून टेलपर्यंत, म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत, पाणी पोचवायचं, रात्री कोण दारं उचलतंय ते बघायचं, टेलच्या शेतकऱ्याची बोलणी खायची, हाच धंदा. त्यामुळे मुलीने जेव्हा "बाबा, फ्रान्समध्ये एका जुन्या कालव्यातून आठवडाभर बोटीने फिरता येतं, जाता का?" असं विचारलं, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, त्या कालव्याला पाणी कुठून येतं? तिला सांगता आलं नाही. मग मीच वाचायला घेतलं, आणि तिकिटं काढायच्या आधीच त्या कालव्याच्या प्रेमात पडलो.

गेल्या सप्टेंबरात आम्ही चौघं जाऊन आलो. मी, सौ., मेहुणे आणि वहिनी. सगळे साठीच्या पुढचे. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी कालव्याची गोष्ट. तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राजवळच्या थो खाजणापर्यंत हा कालवा २४० किलोमीटर जातो. तुलूझला गारोन नदी आहे, ती अटलांटिकला मिळते. म्हणजे स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरवरून जाण्याऐवजी माल देशाच्या आतूनच एका समुद्रातून दुसऱ्या समुद्राकडे नेता यावा, अशी कल्पना. कल्पना फार जुनी, पण अडायचं एकाच ठिकाणी. मध्ये नोरूझ नावाची खिंड आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर उंच. तिच्या पश्चिमेला पडलेलं पाणी अटलांटिककडे जातं, पूर्वेला पडलेलं भूमध्याकडे. बोटीला एका बाजूने चढायचंय आणि दुसऱ्या बाजूने उतरायचंय.

आपला कालवा वाहतो. धरणातून निघतो आणि उताराने शेतात जातो. हा कालवा वाहत नाही, तो पायऱ्यापायऱ्यांनी उभा आहे. प्रत्येक पायरीला एक लॉक, म्हणजे दोन दारांमधला हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, पुढचं दार उघडायचं. पण दर वेळी एक हौदभर पाणी खालच्या पायरीला जातं, परत येत नाही. इथले हौद साधारण ३० मीटर लांब आणि मध्यावर ११ मीटर रुंद. मी बोटीत बसून हिशेब केला, अडीच मीटर उतरायचं तर पाच-सहा लाख लिटर. दहा हजारी टँकर धरले तर पन्नास-साठ टँकर, एका बोटीच्या एका पायरीसाठी! आणि माथ्यावर तर दोन्ही बाजूंनी पाणी जातं. नोरूझला पाणी आणायचं कुठून, हा खरा प्रश्न होता. खोदकाम त्याच्यापुढे सोपं.

हे कोडं सोडवणारा माणूस इंजिनिअर नव्हता. प्येर-पॉल रिके हा बेझिए गावचा, मिठावरचा कर गोळा करणारा मक्तेदार. त्याने उत्तरेकडच्या काळ्या डोंगरातले ओढे हेरले, त्यांना चरांनी एकत्र बांधून डोंगरउताराच्या कडेकडेने नोरूझपर्यंत आणलं. उन्हाळ्यात ओढे आटतात म्हणून सँ-फेरेओलला मातीचं धरण बांधलं. साठा सुमारे सव्वासहा दशलक्ष घनमीटर, म्हणजे आपल्या खडकवासल्याचा नववा-दहावा हिस्सा. आकडा लहान वाटेल, पण काळ बघा. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने फर्मान काढलं ते ऑक्टोबर १६६६ मध्ये. महाराज आग्र्याहून निसटले ते त्याच वर्षी. कालवा खुला झाला मे १६८१ मध्ये. रिके त्याआधी काही महिने, ऑक्टोबर १६८० मध्येच वारला.

बोटीत बसायच्या आदल्या दिवशी मी हट्टाने नोरूझला गेलो. कास्तेलनोदारीहून जवळच आहे. झाडांच्या सावलीत दोनेक मीटर रुंदीचा चर संथपणे येतो. आपल्याकडची मोठी चारी असते ना, तेवढाच. त्याच्या काठावर मी खूप वेळ बसलो. तीनशे चाळीस वर्षांहून जास्त काळ हेच पाणी, याच वाटेने येतंय. सौ. म्हणाली, चला आता, बाकीचे गाडीत थांबलेत.

आता प्रवास. आम्ही त्रेबला बोट घेतली आणि बेझिएच्या पुढे पोर्तिरान्यजवळ सोडली, शंभरेक किलोमीटर. या बोटींना परवाना लागत नाही. बोट भाड्याने देणारे अर्ध्या तासात चालवायला शिकवतात. वेगाची मर्यादा ताशी ८ किलोमीटर, म्हणजे काठाने कोणी सायकलवर असेल तर तो पुढे जातो. बोटीत दोन खोल्या, दोन न्हाणीघरं, गॅसची शेगडी, फ्रीज. आम्ही कुकर आणि गोडा मसाला घरून नेला होता. पहिल्या रात्री ताज्या पावाबरोबर पिठलं खाल्लं, दोघांचं इतकं जमेल असं वाटलं नव्हतं.

पण त्याआधी, पहिल्याच लॉकमध्ये, जिवावर बेतायची वेळ आली होती. त्रेबला तीन हौद एकापाठोपाठ आहेत. आत गेलो, मेहुण्यांनी दोर काठाच्या खुंट्याला टाकून दोन गाठी मारल्या, अगदी पक्क्या. पाणी उतरू लागलं. बोट खाली जायला हवी होती, पण डावी बाजू जायचीच थांबली. आधी कपाटातली भांडी घसरली, मग वहिनी तोल जाऊन कठड्यावर आल्या. दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला गेला होता, गाठ सुटेना. लॉकवरच्या मुलीने ओरडून बटण दाबलं आणि झडपा बंद केल्या. परत थोडं पाणी भरून घेतलं, तेव्हा गाठ सुटली. उतरताना दोर बांधायचाच नसतो, खुंट्याला वळसा घालून टोक हातात धरायचं आणि हळूहळू सोडत जायचं. शिकवणाऱ्याने बाकी सगळं सांगितलं, हे सांगितलं नव्हतं. जाणाऱ्यांनी एवढं तरी नक्की लक्षात ठेवा. दोराजवळ सुरीही ठेवा.

दुसऱ्या दिवसापासून मात्र हात बसला. सकाळी नऊला लॉक उघडायचे, दुपारी जेवणाला तासभर बंद, संध्याकाळी सातला थांबायचे. त्यामुळे दिवसाला आपोआप चाल मिळते. एग्वीयच्या लॉकवर तिथल्या राखणदाराने लोखंडाच्या भंगारातून आणि लाकडातून केलेल्या आकृत्या ठेवल्यात, पाणी उतरेपर्यंत बघत राहायच्या. ला रदोर्तजवळ मात्र मी बोट बांधायलाच लावली. तिथे कालव्याच्या काठावर अकरा कमानींचा दगडी सांडवा आहे. आर्जां-दूब्ल नावाची नदी शेजारून वाहते, पुराचं जादा पाणी कालव्यात शिरलं तर या कमानींखालून तिच्यात पडतं, आणि बोट ओढणारे घोडे पूर्वी वरून चालत राहायचे. सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला हा सांडवा, व्होबां या सेनापती-इंजिनिअरच्या सुधारणांमधला. दगडाचे सांधे मी बोटांनी चाचपून पाहिले. पातं शिरणार नाही.

आर्जांसचं लॉक ओलांडलं की ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. सगळा कालवा एकाच समपातळीवर, टेकड्यांच्या कुशीतून वळणं घेत जातो. बांधणाऱ्याने पातळी सोडायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून गाव समोर दिसतं आणि पोचायला तास लागतो. माझ्या दृष्टीने या प्रवासातलं सर्वांत सुंदर हेच. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, तोडणी चालू होती. बोटीखाली रेप्यूद्र नावाचा ओढा जातो, तो पूल १६७६चा. बोटीत बसून आपण पुलावरून जातोय हे लक्षात यायला क्षणभर लागतं.

बाकी मालपाचा बोगदा, फोन्सेरानचा जिना, चिनार झाडांचं दुःख, हे सगळं प्रतिसादांत लिहितो. बोटं दुखायला लागली.

रानजाई

किती छान लिहिलंय काका. कालव्याला पाणी कुठून येतं हा प्रश्न मला आयुष्यात पडला नसता. दोर आणि गाठीचं वाचून काळजात धस्स झालं. वहिनींना लागलं नाही ना?

दोन प्रश्न. एक, आई अठ्ठ्याहत्तरची आहे, गुडघे दुखतात, तिला नेता येईल का? दोन, खर्च साधारण किती?

डावा_कालवा

मनगटाला मुका मार, बाकी काही नाही. धन्यवाद विचारल्याबद्दल.

आई बोटीत आनंदाने राहतील, पण बोटीत चढताना-उतरताना एक उंच पायरी असते आणि काठ ओबडधोबड असतो. लॉकमध्ये एकाने उडी मारून वर जावं लागतं, ते काम धडधाकट माणसाकडे असावं. निदान तिघं हवेत, एक सुकाणूवर, दोन दोरांना. भाडं बोटीचं असतं, माणशी नाही, आणि जुलै-ऑगस्टपेक्षा मे किंवा सप्टेंबरात बरंच कमी पडतं. इंजिन किती तास चाललं त्यावर डिझेलचे पैसे वेगळे. चौघांत वाटलं तर शहरातल्या साध्या हॉटेलात राहून बाहेर जेवण्याएवढंच आलं. हिवाळ्यात कालवा दुरुस्तीसाठी बंद असतो, नोव्हेंबर ते मार्च बेत आखू नका.

तुलूझवासी

नऊ वर्षं इथे राहतोय, विमानाच्या कारखान्यात कामाला. ऑफिसला जाताना रोज या कालव्याच्या काठाने सायकल चालवतो, आणि आज पहिल्यांदा कळलं की मी कशाच्या शेजारून जातो.

चिनार झाडांबद्दल मी लिहितो, कारण ते डोळ्यांनी पाहिलंय. काठाने सुमारे ४२,००० झाडं होती, बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेली. मुळांनी काठ धरून ठेवायचे, सावलीने पाण्याची वाफ कमी व्हायची. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकन फौजेच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून एक बुरशी दक्षिण फ्रान्समध्ये आली असं मानतात. ती या कालव्यावर २००६ मध्ये सापडली. औषध नाही. झाड दोन ते पाच वर्षांत वाळतं, आणि मुळांतून व पाण्यातून शेजारच्याला लागतं. म्हणून आजारी झाड आणि त्याच्या शेजारची निरोगी झाडंही तोडून जागेवरच जाळतात. त्रेबच्या आसपास मी तो धूर पाहिलाय. बुंध्याचा घेर दोन माणसांच्या कवेत मावायचा नाही, आणि आत लाकडावर निळसर-काळा डाग. तोडणाऱ्या कामगारांनाही हत्यारं दर वेळी औषधाने धुवावी लागायची. हजारो झाडं गेली. २०११ पासून ओकच्या एका जातीची आणि इतर निरनिराळी झाडं लावताहेत. एकाच जातीची ओळ पुन्हा नको, हा धडा त्यातून घेतलाय.

युनेस्कोने १९९६ मध्ये वारसा म्हणून जाहीर केलं तेव्हा झाडांची ही कमान पूर्ण होती. माझ्या मुलीला ती तशी दिसणार नाही.

डावा_कालवा

तुलूझवासी, फार मोलाची भर. आम्हाला हा फरक उन्हातून जाणवला. मार्सेयेतच्या पुढे दोन-दोन किलोमीटर नुसती बुटकी रोपं, आधाराच्या काठ्या आणि रखरखाट. आणि मग पुढे एकदम जुन्या झाडांचा बोगदा लागतो, पाणी हिरवं होतं, बोलणं आपोआप हळू होतं. दोन्ही पाहिलं की काय गेलं ते कळतं.

मीठभाकर

लेख आवडला, पण एक बाजू राहून गेली आहे आणि ती महत्त्वाची आहे असं मला मनापासून वाटतं.

रिके मिठाच्या कराचा मक्तेदार होता, हे तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. कालव्यात त्याने स्वतःचे पैसे ओतले हे खरं, मुलांना कर्ज ठेवून गेला हेही खरं. पण ते पैसे आले कुठून? मीठ ही गरिबाला टाळता न येणारी गोष्ट. पिरेनीज डोंगरातल्या रुसियों भागात हा कर लादला, तेव्हा तिथल्या लोकांनी १६६७ पासून काही वर्षं हत्यार उचललं. कर वसूल करणारा होता रिकेच. मिठासाठी आपणही १९३० मध्ये शिरोड्याला सत्याग्रह केला आहे, आपल्याला हे कळायला जड जाऊ नये.

डावा_कालवा

मान्य आहे, आणि तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. धरणं बांधणाऱ्या खात्यात नोकरी केली आहे, कुणाची जमीन आणि कुणाचं गाव गेलं हे विसरून पाण्याबद्दल बोलू नये, एवढं मला कळतं.

त्याच रिकेची दुसरी बाजूही नोंदवतो. एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं कामावर होती, त्यात बायका मोठ्या संख्येने, डोक्यावर टोपल्या घेऊन माती वाहणाऱ्या. पगार महिन्याचा, आणि पावसाच्या दिवसाचा, सणाचा, आजारपणाचाही मिळायचा. त्या काळात हे जवळजवळ कुठेच नव्हतं. पीक कापणीला माणसं शेतावर पळू नयेत हा त्यातला व्यवहार असणार, पण मजुराला पैसे मिळत होते. आमच्याकडे रोजंदारीवरच्या पाटकऱ्याला (पाटाचं पाणी सांभाळणाऱ्याला) भर पावसाचा दिवस किती वर्षं कोरडा गेला, ते मला ठाऊक आहे.

खाडीकिनारा

आमचे आजोबा बाणकोटच्या खाडीत गलबतावर तांडेल होते. भरती-ओहोटी बघितल्याशिवाय घरातून पाऊल टाकायचे नाहीत. पाणी स्थिर असलेला जलमार्ग त्यांना दाखवायला हवा होता. मालपा आणि फोन्सेरान राहिलंय, लिहा लवकर. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

डावा_कालवा

लिहितो.

सोमाय गावात चौथी रात्र काढली. पूर्वी तुलूझहून घोड्यांनी ओढलेली टपालबोट निघायची, प्रवासाला चार दिवस, आणि सोमाय हा रात्रीचा मुक्काम. कमानीचा उंच पूल, शेजारी छोटं प्रार्थनाघर, जुन्या पुस्तकांचं प्रचंड दुकान. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेफरसन १७८७ मध्ये या कालव्याने गेले, आपल्या घोडागाडीची चाकं काढून ती बोटीवर चढवली आणि काचेतून बघत, मध्येच उतरून काठाने चालत गेले. बोटीबरोबर चालणं आम्हीही केलं. सौ. आणि वहिनी रोज सकाळी तासभर काठाने चालायच्या आणि पुढच्या पुलाखाली बोटीत चढायच्या.

कापेस्तांगचा पूल ठेंगणा आणि कमान अरुंद. छत्री मिटवा, सायकली आडव्या करा, सगळे खाली बसा, बरोबर मधोमध जा. दगडाला घासून गेलेल्या बोटींचे रंग कमानीवर आहेत.

मालपा म्हणजे एका टेकडीतून १६७९ मध्ये पाडलेला, दीडशे मीटरहून थोडा लांब बोगदा. बोटींसाठी खोदलेला युरोपातला हा पहिला. दगड भुसभुशीत, वरून काम थांबवायचे हुकूम, आणि रिकेने ते येण्याआधी घाईने आरपार भोक पाडलं असं सांगतात. पण मला भावलं ते वेगळंच. त्याच टेकडीच्या पोटात तीन वाटा आहेत. सर्वांत जुनी तेराव्या शतकातली, शेजारचं मोंतादीचं तळं उपसून शेती करण्यासाठी काढलेला पाण्याचा निचरा. मग कालवा. आणि त्याखालून रेल्वे. टेकडीवर चढलं की ते सुकवलेलं तळं दिसतं, मधल्या बिंदूकडे जाणारे चर आणि त्यांच्यामधली त्रिकोणी शेतं, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी. आठशे वर्षं तो निचरा चालू आहे. मी टेकडीवरून उतरायला तयार नव्हतो.

फोन्सेरान हा बेझिएच्या वेशीवरचा पाण्याचा जिना. मूळचे आठ हौद, उतार साडेएकवीस मीटर, लांबी तीनशे मीटर. आता वापरात सहा. सगळे लंबवर्तुळाकार. तुलूझजवळचं सुरुवातीचं एक लॉक सरळ भिंतीचं होतं, मातीच्या दाबाने ते कोसळलं. तेव्हापासून रिकेने भिंती बाहेर फुगवल्या, आडव्या घातलेल्या कमानीसारख्या, म्हणजे दाब दगडच घेतो. एका हौदात चार-पाच बोटी शेजारी शेजारी उभ्या करतात. खालचं दार उघडलं की एक बोट, दुसरी बोट, असं हळूच पुढच्या हौदात सरकायचं. काठावर शेकडो माणसं बघत असतात. आमचे मेहुणे, ज्यांच्या हातून पहिल्या दिवशी गाठ पडली होती, ते सहाही हौदांत दोर बोटांतून सोडत उभे होते, एकदाही मान वर न करता. खाली उतरल्यावर मी त्यांचे हात पाहिले, तळवे सोलवटलेले.

खाली ऑर्ब नदी. पूर्वी बोटी नदीतून जायच्या, पूर आला की दिवसेंदिवस अडकायच्या. १८५८ मध्ये नदीवरून कालव्याचा पूल बांधला. त्यावरून जाताना मागे वळून पाहिलं तर टेकडीवरचं बेझिएचं कॅथेड्रल दिसतं. रिके याच गावचा, पण या जिन्यावरून समुद्रापर्यंत गेलेली पहिली बोट त्याला बघायला मिळाली नाही.

चौकीवरची

धागा सकाळपासून तीनदा वाचला.

माझे वडील पाटकरी होते, नीरा उजव्या कालव्यावर. आम्ही कालव्यावरच्या चौकीतच वाढलो. दोन खोल्या, समोर कडुनिंब, भिंतीवर पांढऱ्या चुन्यात काळ्या अक्षरांत मैलाचा आकडा. वडील सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पट्टीवरचं पाणी बघून वहीत लिहायचे. ताप असला तर मला पाठवायचे. तिथल्या लॉकच्या राखणदारांच्या घरांबद्दल काही सांगाल का? तिथे अजून माणसं राहतात?

डावा_कालवा

ताई, तुमचा प्रतिसाद सौ.लाही वाचून दाखवला.

प्रत्येक लॉकवर राखणदाराचं घर आहे. दुमजली, लाल कौलं, खिडक्यांना लाकडी दारं. काही रिकामी आहेत, काहींत खानावळी झाल्यात, काहींत अजून कुटुंबं राहतात आणि दाराशी टोमॅटो, भोपळे विकायला ठेवलेले असतात. दारावर एक पाटी असते. मधे लॉकचं नाव, एका बाजूला वरचं लॉक किती मीटर, दुसऱ्या बाजूला खालचं किती मीटर. बाकी काही नाही. तुमच्या भिंतीवरच्या मैलाचंच काम.

दारं आता विजेवर चालतात, उन्हाळ्यात कॉलेजची मुलं ते काम करतात. पण आर्जांसला आम्ही शेवटच्या फेरीत पोचलो, सात वाजत आले होते. आमच्या मागे दार लागलं, आणि तिथला राखणदार, पन्नाशीचा असेल, घराकडे न जाता खालच्या बाजूला काठावर उतरला. दगडात पातळीची रेघ आहे. गुडघ्यावर बसून त्याने ती बघितली, खिशातून छोटी वही काढली, लिहिलं. मी बोटीतून खुणेने विचारलं, किती? त्याने अंगठा आणि तर्जनी किंचित दूर धरून दाखवली आणि बोट खाली केलं. दोन सेंटिमीटर कमी.

मग त्याने वर डोंगराच्या दिशेला, जिथून पाणी येतं तिकडे, हात केला आणि आत गेला.